दोन पुरुष खोल पाण्यात कवळी

कवळी खाली जात होती तेव्हा, दादा, मी तिच्याकडे नुसता बघत होतो. हात लांबवला असता तर मिळाली असती. पण शेजारी ही होती.

तर नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला गेला असेल, असं धरून चालतो. माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त वरचे दात नाहीत.

पाणी जेमतेम दोन पुरुष खोल, अंघोळीला काढावं तसं कोमट. तळाशी प्रवाळ, त्यावर मासे, सगळं छापील माहितीत लिहिल्याप्रमाणे. नळीचं रबरी तोंड दातांत धरायचं आणि श्वास घ्यायचा, एवढंच काम. पण शिकवणाऱ्याला शिस्त फार. रबर तोंडातून काढून पुन्हा घालून दाखवा, अशी त्याने खूण केली. मी काढलं. रबराबरोबर तू केलेली कवळीही आली (पक्की बसलीय म्हणाला होतास) आणि डोलत डोलत प्रवाळाच्या एका खाचेत जाऊन बसली. लगेच एक बोटभर निळा मासा आला आणि आतून-बाहेरून तिची तपासणी करू लागला, तुझ्याच गंभीरपणे. फी तेवढी मागितली नाही. मी रबर हिरड्यांत दाबून, वरून हाताने धरून, अर्धा तास सृष्टिसौंदर्य पाहिलं. सगळ्या फोटोंत माझा हात तोंडावर आहे.

तुला माहीत नाही ते सांगतो. पहिल्या भेटीत ही म्हणाली, "या वयात स्वतःचे दात! हसणं छान आहे तुमचं." (चित्रकलेची शिक्षिका, तिची नजर चुकत नाही असं मला वाटलं होतं.) मी म्हणालो, आईकडून आलेत. आपल्या आईकडून, दादा! चाळिशीत जिच्या तोंडात एक दाढ उरली होती, तिच्याकडून. अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणीतरी मला छान म्हणालं होतं. ते खोडून काढायचं धैर्य झालं नाही. आता ती मला लबाड समजेल, आणि ते खरंच आहे.

दुपारपासून मी मौनात आहे. जेवलो नाही. कागदावर 'पोट' असं लिहून दाखवलं. तिने आधी विचारलं, "अहो, एवढं आवडलं की शब्दच फुटेनात?" मी होकारार्थी मान डोलावली. संध्याकाळी म्हणाली, "रागावलात का? लग्नाला तीन दिवस झालेत. अबोला धरायला निदान वर्ष तरी जाऊ द्या." मग खुर्ची खिडकीकडे वळवून बसली. अजून तशीच बसली आहे. मी पाठमोऱ्या बायकोसमोर हे लिहितो आहे.

वहिनीला नमस्कार सांग. बाकी काही सांगू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राचं कारण असं : तुझ्या दवाखान्यात, खालच्या खणात, माझी जुनी कवळी आहे. ती ताबडतोब कुरिअरने पाठव. वर 'औषध' असं लिही.

ता. क. २. पाठवू नकोस. आज सकाळी चहाच्या कपाशेजारी एक डबी होती. झाकणावर तुझं अक्षर : 'वरची, जुनी'. लग्नाच्या आदल्या दिवशीच तू ती हिला दिलीस म्हणे. "तुम्ही आपणहून सांगताय का, ते बघत होते," ही म्हणाली. "आणि सासूबाईंचा फोटो पाहिलाय मी. तोंड मिटून बसल्यात." मी कवळी बसवली. डावीकडे टोचते. मग आम्ही नाश्त्याला गेलो.