चिकनसारखं म्हणजे कशासारखं

रवि. १३ जुलै

महेश आज टर्की घेऊन आला. त्याच्या आईसाठी, माझ्या सासूबाईंसाठी. मागे ताप येऊन गेल्यापासून आईंच्या तोंडाला चव नाही, ताट जसंच्या तसं परत येतं. ब्लाऊज खांद्यावरून घसरायला लागलेत. मागच्या रविवारी बटेर झाले, त्याआधी बदक. दर वेळी म.चं एकच पालुपद, खाऊन तर बघ गं, चिकनसारखंच लागतं. आज आईंनी ऐकवलं, "मंग कोंबडीच आनायची. येवढा फिरायचा कशाला?"

दोन घास खाल्ले. म. शेजारी बसून तोंडाकडे बघत होता. कशी आहे विचारलं तर म्हणाल्या, सगळंच ब्रॉयलरसारखं लागतंय.

आईंच्या तोंडून हे! उरणकडच्या डोंगरात वडिलांबरोबर खाल्लेलं अजून वासासकट सांगतात. सशाला गवताचा वास, लावरी पाखराला सुक्या मातीचा. कोणी काही खाऊन 'चिकनसारखं' म्हटलं की ठरलेलं उत्तर, "चिकनसारका बोलतो त्याला जीभ हाय, नाक नाय."

मी काय बोलणार कप्पाळ. मी कोंबडी खाल्लेलीच नाही. लग्न ठरलं तेव्हा डोंबिवलीहून माझ्या आईची, माईची, एकच अट होती, मेधा तुमच्यात येईल पण खाणार नाही. आईंचीही एकच, खाऊ नको पण रांधायला शीक. दोघींच्या अटी वीसेक वर्षं पाळतेय. मी रांधते, आई तळहातावर थेंब घेऊन मीठ बघतात. लोक म्हणतात मेधाच्या हाताला चव आहे. असेल. मला माहीत नाही.

बुध. १६ जुलै

कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. जीभ ठणठणीत, नाक गेलंय. तापात जातं म्हणे. येईल, कदाचित येणार नाही. रोज लवंग, लिंबू, निलगिरी हुंगायला सांगितलं.

मी हे वर्गात शिकवते. जीभ खारट-गोड-आंबट-कडू एवढंच सांगते, बाकीची सगळी चव नाकातून. फळ्यावर आकृती काढते. घरात घडलं तेव्हा मलाही डॉक्टरांनी सांगावं लागलं. जळलं मेलं ते शिक्षण.

रिक्षाने सुकापूरला घरी आलो. उतरताना आई एवढंच म्हणाल्या, "म्हनजे आता माजा नाकच नाय."

शुक्र. १८ जुलै

प्रॅक्टिकल संपल्यावर बारावीच्या मुलींना विचारलं, नवीन मांस खाल्लं की सगळे चिकनसारखंच का म्हणतात? खिदळल्या. एक म्हणाली, मॅडम, बेडूक पण तसाच लागतो म्हणे. कोणी खाल्लाय? कोणीच नाही. पण लागतो चिकनसारखा!

घरी येऊन जरा वाचलं. कमी चरबीचं, फिकट मांस सगळ्यांचं साधारण एकाच चवीचं. बकऱ्याला बकरा करतो तो चरबीतला वास. तो काढून टाका, उरतं ते कुणाचंही. आणि आजकालच्या ब्रॉयलरला स्वतःचं असं काहीच नाही, मसाला घालाल तो त्याचा. म्हणून सगळे त्याच्यासारखे.

शिवाय माणूस ओळखीच्याच खुंटीला टोपी अडकवणार. सगळ्यांनी खाल्लेली म्हणून कोंबडी. माझ्या हाती तीही खुंटी नाही. इतकी वर्षं पंगतीत 'चिकनसारखं' ऐकून मान डोलावतेय, आंधळ्याला दूध बगळ्यासारखं पांढरं म्हणून सांगावं तसं.

आईंचं उलटं. सगळ्या खुंट्या होत्या, आता एकच उरली.

रवि. २० जुलै

वाईट दिवस.

आईंनी हट्टाने स्वतः रांधलं. श्रावणाआधीचा शेवटचा रविवार, म्हणून कळंबोलीहून दीर आणि जाऊ प्रिया आलेले. मी बाहेर कपडे वाळत घालत होते. वाटणाचं खोबरं करपलं, वास गच्चीपर्यंत आला. कढईसमोर उभ्या असलेल्या आईंना कळलं नाही. तेच वाटलं, तेच घातलं.

पानावर सगळे मस्त, मस्त. दिराने तर बोटं चाटली. आई एकेकाचं तोंड बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. मी खात नाही, पण नाक आहे मला.

मी म्हटलं, "आई, वाटण करपलंय."

प्रियाने डोळे वटारले. म. ने पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला. आईंनी पळी ओट्यावर ठेवली आणि खोलीत गेल्या. संध्याकाळी म. खूप बोलला. गोड बोलायला काय जात होतं तुझं? मला वाटतं जात होतं काहीतरी. पण रडू आलं.

गुरु. २४ जुलै

आज गटारी, त्यात गुरुवार. बिल्डिंगभर कालच उरकून घेतलं लोकांनी.

आई त्या दिवसापासून स्वयंपाकघरात आलेल्या नाहीत. प्रियाचा फोन. यंदा गौरी कळंबोलीला बसवूया म्हणते. आईंना झेपत नाही, तिखटाचा, कोंबडीचा नैवेद्य आईच करायच्या, आणि वहिनी तुम्ही तर... मन वाईट नाही तिचं. तीही खरं तेच बोलली.

आईंना सांगितलं. बराच वेळ साडीचा पदर दुमडत बसल्या. "गवर यकदा उंबऱ्याभायेर गेली का परत येत नाय." मग भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. जेवण नाही.

रवि. १० ऑगस्ट

श्रावण. घरात वरण-भात, घेवडा, अळू. माझंच राज्य, पण मजा नाही. आई अर्धी पोळी खातात, तीही मी समोर बसले तर. लवंग हुंगतात, बाटली खाली ठेवतात. मी विचारायचं सोडलंय.

पोटाचं दुखणं असतं तर बरं असं वाटतं कधीकधी. ही बाई माणूस घरात शिरायच्या आधी सांगायची, पावसातून आलाय की बाजारातून. आता दारावरची बेल वाजली तरी मान वर करत नाही. मला भीती वाटते. गौरी गेली तर आई उठणारच नाहीत. म.ला सांगितलं, तो म्हणाला उगाच अभद्र बोलू नकोस. पण तोही झोपला नव्हता.

शनि. २३ ऑगस्ट

सुचलं. भाजी चिरताना सुचलं, इतकं साधं!

नैवेद्य चाखायचा नसतो. देवाच्या आधी कोणी जीभ लावायची नाही. मग आई गौरीचं कालवण इतकी वर्षं न चाखताच करत आल्या ना? नाकावर, डोळ्यांवर. आणि या घराण्यात न चाखता रांधायची सवय दुसऱ्या कुणाला आहे? मला. फक्त मला.

प्रियाला फोन केला. म्हटलं, गौरी इथेच बसवू, कालवण मी करते. ती हसली. वहिनी, वकील व्हायला हवं होतंत. पण देवीला शाकाहारी बाईच्या हातचं चालेल का? मी म्हटलं, देवीला विचार, मला काय विचारतेस? शेवटी तयार झाली. या वर्षापुरती. बिघडलं तर पुढच्या वर्षी गौरी कळंबोलीला. मी हो म्हटलं.

आईंना सांगितलं. उठून बसल्या. पहिला प्रश्न, कोंबडी गावठी आणणार ना?

रवि. ३१ ऑगस्ट

गौरी आली. पावलं उमटवली, मुखवटा चढवला, आईंनी हिरवी साडी स्वतः नेसवली. निऱ्या चोख.

उद्या सोमवार. खालच्या मजल्यावरच्या काकू कुजबुजल्या, सोमवारी तिखट? आई म्हणाल्या, गवरीला वार नसतो. बऱ्याच दिवसांनी तो आवाज ऐकला.

सोम. १ सप्टेंबर

हात अजून मसाल्याचे आहेत. लिहून टाकते.

आई ओट्याजवळ स्टुलावर बसल्या. वास नाही, तर कान. तेल बोललं की सांगत, आता कांदा. खोबऱ्याचा रंग मी दाखवायचा, त्यांनी बघायचा. वास मी सांगायचा. भाजलेला की कच्चा? आता? आणि आता? मिठाच्या वेळी मात्र दोघी थांबलो. मिठाला वास नाही, रंग नाही. रोज त्याच बघतात, आज त्यांनाही जीभ लावायची नाही. त्या म्हणाल्या, तुझ्या हाताने घाल. मी भीतभीत घातलं.

गणपती आणि गौरीच्या मध्ये पडदा ओढला. गणपतीला तिखट दिसायला नको. दर वर्षी मी त्याच्या बाजूला बसते, आम्ही दोघेच मोदकवाले. आज कालवण मी केलेलं, म्हणून नैवेद्य मीच दाखवला. पडद्याच्या गौरीकडच्या बाजूने.

मग पंगत. भाकऱ्या, कोंबडी. मस्त, मस्त. प्रियासुद्धा मस्त. आईंनी एक घास घेतला, हळूहळू चावला. कोणाकडे पाहिलं नाही. माझ्याच पानात चमचाभर कालवण आणि बोटाएवढा तुकडा वाढला. म. म्हणाला, आई, काय करतेस? ती नाही खात.

"ह्ये सगले गोड बोलतान. तू सांग."

देवीचा प्रसाद होता. माईची अट होती. मी दोन्हीचा विचार केला असं लिहिलं तर खोटं होईल. मी फक्त आईंचे खांदे बघितले. खाल्लं.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

आईंनी मान हलवली. "मीठ कलतं मना. तेवढाच कलतं. आता बाकीचा सांग."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पहिल्याच घासाला. मिठासाठी विचारलंच नव्हतं.

बाकीचं काय सांगू? सगळं जग ज्याची उपमा देतं तेच तोंडात, आणि मला त्याला उपमा सापडेना. सगळे थांबलेले. मी चावत राहिले. धागे सुटत होते, मसाला आत मुरलेला, मागे थोडा गोडवा.

"फणसाच्या भाजीसारखी," मी म्हटलं. "कोवळ्या फणसाच्या."

प्रिया फिस्सकन हसली. दीरही. आई हसल्या नाहीत. डोळे मिटून बसल्या. मग विचारलं, दाताला लागतो तसा फणस, की गळालेला? मी म्हटलं, दाताला लागतो तसा. मसाला आधी येतो की मागून? मागून. बरं, म्हणाल्या. मीठ मागून घेतलं, कालवलं आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा. प्रत्येक घासाला मला विचारत होत्या आणि मी सुचेल ते सांगत होते. भाकरी अख्खी संपली.

म. उठून हात धुवायला गेला तो बराच वेळ आला नाही.

बुध. ३ सप्टेंबर

काल गौरी-गणपती गेले. घर मोकळं वाटतंय. निघताना प्रियाने आईंना नमस्कार केला. गौरी पुढच्या वर्षी इथेच ना, असं आईंनी विचारलं. बघू आई, म्हणाली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

दुपारी आई स्वतःहून स्वयंपाकघरात आल्या. शुक्रवारी करंदी, ती बारकी कोलंबी, आणायला सांगू का म्हणाल्या. मग थोडं थांबून, "ती कशासारकी लागते सांगशील?"

मी भांडी पुसत राहिले. त्या दिवसाचा प्रसाद होता, शुक्रवारी नुसतं जेवण. मला ती चव आवडली की नाही तेही अजून ठरत नाही. आणि मी नाही म्हटलं तर त्या जेवतील का, हेही माहीत नाही. बघू म्हटलं. प्रियासारखंच.

संध्याकाळी माईचा फोन येऊन गेला, मी उचलला नाही. ती विचारणार, गौरीला काय केलंस. तिला हे कशासारखं म्हणून सांगू?