अक्षराची सावली

ता. ४ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत. बदलीच्या गावी जागा लहान मिळाली, पण खिडकी मोठी आहे. दवाखान्यात मला सकाळची पाळी आहे, त्यामुळे ठकूला शाळेतून मीच आणते. ह्यांना नवं ऑफिस मानवलंय म्हणे. पोट तरी सुटायला लागलंय.

आता मुख्य गोष्ट. आज ठकूच्या बाईंनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, बाकीची मुलं फळ्यावरचं सगळं उतरवून वह्या मिटतात, तेव्हा तुमची मुलगी पहिल्याच अक्षरावर असते. वही पाहिली आणि मी कपाळावर हात मारला. आधी पट्टीने वर-खाली रेघा, मग अक्षराची बाहेरची कड, मग आत पेन्सिल भरायची, आणि मग उजव्या बाजूला सावली! वर्षभर तुमच्या दुकानात बसून तिने हेच पाहिलं, आणि तुम्हीही कौतुकाने हेच गिरवून घेतलंत. दुकानांच्या पाट्यांना ठीक आहे हो बाबा, पहिलीच्या वहीत सावली कशाला?

बाईंना वाटतंय, पोर मंद आहे. पुढच्या चाचणीपर्यंत सुधारली नाही तर पुन्हा पहिलीतच बसवावं लागेल, असं त्या स्पष्ट बोलल्या. मी समजावलं, ओरडले, शेवटी एक धपाटाही दिला. तिचं एकच पालुपद, घाईची पाटी दुकानदार परत आणून देतो असं आजोबा म्हणतात. माझं ती ऐकायची नाही. तुम्हीच तिला लिहा की ही पद्धत चुकीची आहे. आणि मोघम लिहू नका, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे.

रागावून लिहिलंय, तरी लोभ आहे तसाच ठेवा.

तुमची,
बबी


ता. १२ सप्टेंबर

चि. सौ. बबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आधी हसलो. माझ्याकडे राबलेल्या कितीतरी उमेदवारांना सावली धड जमली नाही, ती या टिचभर पोरीला जमली. मग ‘मंद’ हा शब्द पुन्हा वाचला आणि हसू गेलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

मला वाटत होतं, नातीला चार पावलं पुढे पाठवतोय. दुकानात हल्ली दुसरं काम तरी काय असतं? लोक छापील पाट्या लावतात, सकाळी सांगितली की संध्याकाळी तयार. ठकू स्टुलावर बसून सारखी विचारायची, हे असं का, ते तसं का. कुणीतरी विचारतंय याचंच मला अप्रूप होतं. वाहवत गेलो खरा.

पुढचं तिला वाचून दाखव. ठकूराणी, आजोबांचं चुकलं. आजोबांना नीट लिहिता येत नाही. बाई शिकवतात तसंच लिहायचं, भरभर. कड नाही, सावली नाही.

मोघम ठेवलेलं नाही. लिहिताना हात जड झाला, पण पोरीचं वर्ष जायला नको. जावयांना चालायला सांग, पोट आवाक्यात आहे तोवर. म्हाताऱ्यावर राग धरू नकोस, लोभ असू दे.

तुझा,
बाबा


ता. २ डिसेंबर

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

ठकू चाचणीत छान पास झाली. आता पुन्हा पहिलीत बसवायची भाषा नाही. रांगेत उभं राहायला शिकली, हात वर करून विचारायला शिकली, घंटा व्हायच्या आत वही मिटायला शिकली. तुमचा मजकूर ऐकून त्या दिवशी ती जेवलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून भरभर लिहायला लागली, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

काल शाळेत गेले, तर बाई वर्गाच्या दारावर लावायला पाटी करत होत्या. मी मिरवत म्हटलं, ठकूला करू द्या, तिला सुरेख येते. बाईंनी तिच्यापुढे पुठ्ठा सरकवला. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाली, मला नाही येत, आमच्या आजोबांनाही नाही येत. खरं बोलली म्हणून बाईंनी तिची पाठ थोपटली.

घरी येऊन सांगितलं, अगं, आपल्या गावातल्या निम्म्या पाट्या आजोबांच्या हातच्या आहेत. तिने शांतपणे विचारलं, मग आजोबा खोटं कशाला लिहितील? बाबा, वहीचं लिहिणं वेगळं, पाटीचं वेगळं, एवढं सांगितलं असतं तरी तिला कळलं असतं. मलाच दम नव्हता. तुमच्याकडून नको ते लिहवून घेतलं, त्याची फार टोचणी लागली आहे. सुट्टीत या, ब्रश घेऊन या आणि तिच्यासमोर एक पाटी रंगवा.

सोबत तिचा कागद आहे. तिने स्वतः लिहिलाय, मी काही सुधारलेलं नाही. खरं तर पाठवायचा धीर होत नव्हता, पण पाकीट बंद होईपर्यंत ती शेजारून हलली नाही.

मी मागायला नको, तरी मागते. माझ्यावरचा लोभ कमी करू नका.

तुमची,
बबी


आजोबा,

तुम्ही कसे आहात. मी बरी आहे. आई म्हणाली तुम्ही सुट्टीत येणार. आमच्या वर्गात एका मुलीला पण लिहिता येत नव्हतं. ती खूप रडायची. आता तिला येतं. बाई म्हणतात नाही आलं तर लाजायचं नाही. तुम्ही या. मी तुम्हाला रोज थोडं थोडं शिकवीन. मी रागावणार नाही.

ठकू