मी बाहेरगावी आहे

शनिवार, ६
उद्या प्रस्थान. आठ दिवसांची टूर, डोंगर आणि तळी. मुलगा फोनवर वर्षभर मागे लागलाय, बाबा, घरात बसून राहू नका, कुठेतरी फिरून या. म्हटलं, घे. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना किल्ली दिली, कुंड्यांना पाणी घालायला. सगळ्या बिल्डिंगला सांगून झालं. स्वयंपाकघरातला नळ गळतोच आहे. परत आल्यावर प्लंबरला बोलवायचं. या वेळी नक्की.

रविवार, ७. दुपारी
टूर कॅन्सल. पुरेशी माणसं जमली नाहीत म्हणून कंपनीच्या माणसाने स्टँडवरच हात वर केले. मला तसा आनंदच झाला. डोंगर काय पळून जातात? पण घरी कोणत्या तोंडाने जायचं? सकाळी वहिनी गेटपर्यंत सोडायला आल्या होत्या, वॉचमनने बॅग उचलली होती. लगेच परत गेलो तर हसं होईल. मग सुचलं. प्रवास हा वृत्तीत असतो. स्टँडसमोरच्या लॉजवर खोली घेतली. आठवडाभर आपलंच शहर परक्यासारखं बघायचं. जन्मभर नगरपालिकेत याच शहराचे नकाशे काढले. माझ्याइतका लायक टूरिस्ट शहराला मिळणार नाही.
मॅनेजरने विचारलं, एकटेच का? म्हटलं, मी नेहमी एकटाच फिरतो. पहिल्यांदाच फिरतोय हे त्याला कशाला सांगा.

सोमवार, ८
नियम पहिला: ओळखीचं कोणी दिसलं तर तोंड लपवायचं. सरावासाठी मुद्दाम जुन्या ऑफिसवरून गेलो. माझ्या शेजारच्या टेबलावरचा हेडक्लार्क समोरून आला. पेपर तोंडासमोर धरला. तो सरळ निघून गेला. मग पेपर खाली करून त्याच्यासमोरून पुन्हा एक चक्कर मारली. तरी ओळखलं नाही. वेषांतर उत्तम जमलंय. (वेषांतर म्हणजे टोपी.)

मंगळवार, ९
जुना बाजार बघायला निघालो आणि वाट चुकलो. मी काढलेल्या नकाशात जिथे बाग आहे, तिथे पार्किंग निघालं. चूक नकाशाची नाही, शहराची आहे. शेवटी शाळेतून येणाऱ्या एका मुलीला रस्ता विचारला. ती म्हणाली, आजोबा, इथे नवीन आहात का? छाती फुगली. आमची ही असती तर दंडाला धरून सरळ घरी घेऊन गेली असती. ही गेल्यापासून कोणी धरत नाही. प्रवासाच्या दृष्टीने सोयीचंच म्हणायचं.
संध्याकाळी मुलाचा फोन. तळं किती निळं आहे ते सविस्तर सांगितलं. मध्येच स्टँडवरचा लाउडस्पीकर गाड्या पुकारायला लागला, तेव्हा फोन उशीखाली दाबला. त्याने विचारलं, परत नक्की कधी येताय? आधी नाही ना जमणार? म्हटलं, छे, इथून पाय निघत नाही, रविवारीच येणार. त्याने पुन्हा विचारलं, रविवारीच? मग म्हणाला, बरं, मजा करा. हेवा वाटला असणार पोराला.

बुधवार, १०
झोप नीट होत नाही. गादी चांगली आहे. इथला नळ गळत नाही, त्यानेच चुकल्यासारखं होत असेल. बाहेरून आलेल्या एका जोडप्याने फोटो काढून द्या म्हटलं. बरेच काढले, वेगवेगळ्या बाजूंनी. मग त्यांनी विचारलं, तुमचा काढू का? म्हटलं, नको, माझे पुष्कळ आहेत.
मॅनेजरशी गप्पा मारायला खाली गेलो. तो कामात होता. थोडा वेळ काउंटरपाशी उभा राहिलो, मग वर आलो.

गुरुवार, ११. संध्याकाळी
आजचं प्रेक्षणीय स्थळ: आमची गल्ली. समोरच्या फुटपाथवर झाडाआड उभा राहिलो. बघतो तर माझ्या घरात दिवा! दोरीवर कोणाचा तरी पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट. वहिनींनी माझ्या घरात स्वतःचे पाहुणे उतरवलेत. किल्ली कुंड्यांसाठी दिली होती. असा संताप आला. वर जाऊन रंगेहाथ पकडायचं म्हणून अर्धा रस्ता ओलांडलासुद्धा. पण मग मी इथे कसा, हे काय सांगणार? परत फिरलो. प्रवाशाने स्थानिक भानगडीत पडू नये.
तरी बराच वेळ तिथे उभा होतो. स्वयंपाकघरातही दिवा लागला. आपल्या घरात कोणीतरी वावरतंय, हे बाहेरून बघायला बरं वाटतं.

शुक्रवार, १२
वहिनींना काय काय सुनवायचं त्याची तयारी केली. बाकी काही पाहिलं नाही.

रविवार, १४
घरी. वॉचमनने विचारलं, कुठे गेला होतात का?
वहिनी दारातच भेटल्या. मी तोंड उघडायच्या आत त्याच सुरू झाल्या. मुलगा येऊन गेला. ऑफिसचं काम निघालं होतं, बुधवारी आला, शुक्रवारी सकाळी गेला. अचानक येऊन बाबांना चकित करायचं होतं. पण तुम्ही फोनवर इतक्या खुशीत होतात की बोललाच नाही. म्हणाला, सांगितलं तर ट्रिप सोडून धावत येतील, पहिल्यांदाच कुठेतरी गेलेत. जेवायला या म्हटलं तर आला नाही, वहिनी म्हणाल्या, वर एकटाच बसून होता हो.
दोन वर्षांनी आला होता. मी अर्ध्या रस्त्यापर्यंत गेलो होतो.
घरात सगळं जागच्या जागी. कप धुऊन पालथा घातलेला. चादरीची घडी अगदी त्याच्या आईसारखी.
संध्याकाळी त्याचा फोन आला. चुकामूक झाली, पण पुढच्या वेळी नक्की, म्हणाला. मग विचारलं, ट्रिपमध्ये सगळ्यात काय आवडलं? खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, एक खिडकी. संध्याकाळची वेळ, आत दिवा लागला होता. तो हसला. म्हणाला, बाबा, खिडकी बघायला एवढ्या लांब गेलात? म्हटलं, हो रे, लांबच होती.
फोन ठेवून स्वयंपाकघरात गेलो. नळ गळत नाही. तोच दुरुस्त करून गेलाय. उघडला की धार, बंद केला की एकदम गप्प. पुष्कळ खटपट केली, पण पूर्वीसारखं थेंब थेंब काही जमेना. पोराने काम पक्कं केलंय.