डाव्या चाकावरचं रबर

कायबारियेन,
सोमवार, १४ मार्च २०१६

प्रिय रेनिएर,

तू, इवेट आणि मुली मजेत असाल. आम्हीही बरे आहोत. पापांचा गुडघा कुरकुरतो, पण ते स्वतः त्याहून जास्त कुरकुरतात, तेव्हा काळजी नको.

हे पत्र शेजारच्या एदिल्माबाईंच्या हाती देते आहे, त्या तुमच्या तिकडे, लेकीकडे टँपाला निघाल्या आहेत. फोन का केला नाहीस, म्हणशील. फोनशेजारीच पापांची झुलती खुर्ची आहे. तुझा आवाज आला की ते उठून अंगणात जातात, पण दार मुद्दाम उघडं ठेवतात. मला त्यांच्यासमोर हे बोलता आलं नसतं.

तुझं खोकं मिळालं. कॉफी, मुलींचे फोटो आणि आपल्या बावन्न सालच्या शेवरलेसाठी पाठवलेली रबरं, सगळं नीट पोचलं. पापांनी रबर हुंगून पाहिलं आणि म्हणाले, "चौसष्ट वर्षांच्या म्हातारीला नवा झगा आला." दिवसभर खुशीत होते.

खोक्यातली तुझी चिठ्ठी मात्र मी त्यांना दाखवली नाही. तू लिहिलंयस, नऊ एप्रिलला सांता क्लाराच्या विमानतळावर उतरतो, गाडी घेऊन तू एकटीच ये, तो माणूस नको, मी घरात पाय ठेवणार नाही. बावीस वर्षांनी येतोयस आणि असा. तू येणार एवढंच पापांना सांगितलंय; त्यांनी पांढरा शर्ट इस्त्री करून कपाटाला लटकवून ठेवलाय. रोज त्याच्यावरची नसलेली धूळ झटकतात.

आता गाडीचं सांगते. पुढच्या चाकावरच्या आतल्या पत्र्याला ही रबरं लावायची, म्हणजे चाकाचा चिखल इंजिनवर उडत नाही, हे मी तुला काय सांगणार. पण तुझ्या रबराची भोकं आपल्या पत्र्याशी जुळेनात. घोडागाडीची धडक बसल्यावर पापांनी तो पत्रा ठोकून सरळ केला होता आणि आपल्या मनानं भोकं पाडली होती. म्हणून जुनी रबरं काढून त्यांच्यावरून खुणा करायच्या ठरल्या. उजवीकडचं झालं. तुला आठवत असेल, या कामाला दोघं लागतात. एकानं चाकाच्या बाजूनं स्टेपल घालायची, दुसऱ्यानं इंजिनच्या बाजूनं पक्कडीनं वाकवायची. मध्ये पत्रा असतो, तोंडं दिसत नाहीत.

मग डावीकडचं जुनं रबर काढलं. भोकं दिसावीत म्हणून मी रॉकेलनं पुसायला घेतलं. डांबराचा आणि जळक्या तेलाचा थर निघाला, आणि खाली पांढऱ्या रंगातली अक्षरं दिसली. दमारिस. माझं नाव, तुझ्याच हातचं.

चौऱ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये समुद्र ओलांडून पळून जायला तू ट्रकच्या चाकांच्या तीन ट्यूब मिळवल्या होत्यास. तुझी, तुझा दोस्त ओस्निएल याची आणि माझी. कुणी उचलू नये म्हणून प्रत्येकीवर नाव रंगवलंस. निघायच्या दिवशी माझी गायब झाली. तू अंगणात उभा राहून पापांना नाही नाही ते बोललास. चोर म्हणालास. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. दोन ट्यूबवर तुम्ही दोघं गेलात, आणि मी दारात रडत उभी होते. तुला वाटलं, मागे राहिले म्हणून रडते आहे.

तू दरवर्षी लिहितोस, "तुला मागे सोडून आलो, हे मला पोखरतं." मी कधी उत्तर दिलं नाही. तुझं प्रत्येक खोकं मात्र घेत राहिले.

रेनी, ट्यूब पापांनी चोरली नव्हती. मीच ती त्यांच्याकडे ओढत नेली होती. मला समुद्राची भीती वाटत होती आणि तुला तसं सांगायची त्याहून जास्त. मी म्हणाले, "पापा, ही लपवा. रेनीला माझं नाव सांगू नका." त्यांनी एवढंच विचारलं, "नक्की?" मी मान डोलावली. मग त्यांनी ती तिथेच कापली आणि कुणी बघणार नाही अशा ठिकाणी, या चाकावरच्या पत्र्याला, ठोकून टाकली.

परवा मी नवं सोडून तेच रबर पुन्हा लावायला घेतलं, तेव्हा नाव बघून पापा पत्र्याच्या पलीकडून म्हणाले, "पुसून टाक ते."

"का?"

"पोरगा आला की आधी बॉनेट उघडणार. मग तुला विचारत बसेल."

"विचारू दे की."

"माझ्यावर रागवायची त्याला सवय झालीय. तुझ्यावर रागवायची नाही. या वयात कशाला नवीन शिकवतेस त्याला?"

मी विचारलं, "कापताना नाव मधोमध का नाही कापलंत?"

"तुझं नाव होतं," ते म्हणाले. "दे ती स्टेपल. माझा हात आखडला."

मी नाव पुसलं नाही. उजवीकडे तुझं नवं रबर बसवलं. डावीकडे जुनंच परत लावलं, अक्षरं इंजिनकडे करून. पापा पुटपुटत होते, पण स्टेपल वाकवत होते.

नऊ तारखेला मी गाडी घेऊन येईन, पण एकटी नाही. पुढच्या सीटवर पांढरा शर्ट घालून ते बसलेले असतील. हे वाचून तू तिकीटच रद्द करशील, याची मला धास्ती आहे. तरी लिहिते. आधी बॉनेट उघड, बघ, आणि जे बोलायचं ते मला बोल. मी त्या चाकाजवळच उभी असेन. त्यांना मात्र पुन्हा तो शब्द ऐकवू नकोस.

इवेटला आणि मुलींना माझे मुके.

आपल्या मर्जीनं मागे राहिलेली,
तुझी बहीण
दमारिस