मागच्या सात पायऱ्यांचा कठडा

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, धंदा वेल्डिंग आणि फॅब्रिकेशन, शिक्षण मॅट्रिक व त्यापुढे दोन वर्षे तांत्रिक शाळा, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि कोणी माझ्या मानेवर बसून हे लिहून घेत नाही. डोळ्यांचा नंबर वाढला आहे, पण तो धंद्याचा दोष आहे. त्याचा समजुतीशी संबंध नाही. माझ्यामागे माझ्या मालमत्तेचे काय व्हावे आणि काय होऊ नये, ते पुढीलप्रमाणे.

कलम १. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. दहा वर्षे पत्नी म्हणत होती, एकदा करून टाका. मी म्हणायचो, शनिवारी बसू. त्यावर तिचे ठरलेले उत्तर होते, "नाकर्त्याचा वार शनिवार." ती गेल्याला येत्या महिन्यात वर्ष होईल. आमच्या मंडळीत अशा वेळी 'प्रभूत झोपी गेली' असे लिहितात. वकीलबाईंनी कच्च्या मसुद्यात तसेच लिहिले होते. मी ते खोडले. ती चर्चच्या मागच्या पायऱ्यांवरून पडली आणि नवव्या दिवशी हॉस्पिटलमध्ये वारली. कायदेशीर कागद आहे, जे झाले तेच लिहावे.

कलम २. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागचा ओटा, माझ्या एकुलत्या मुलीला. ती दुसऱ्या शहरात नर्स आहे. घर ताब्यात घेताना तिने लक्षात ठेवावे की न्हाणीच्या दाराची कडी बसत नाही आणि स्वयंपाकघराच्या खिडकीचे दोन गज एका बाजूने सुटले आहेत. गल्लीतल्या निम्म्या घरांच्या ग्रिल मी केल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बँकेत जे असेल तेही तिचेच.

कलम ३. चर्चला रोख काही ठेवत नाही. आयुष्यभर दशांश वेळेवर दिला, त्याची तक्रार नाही. पण मागच्या पायऱ्यांना कठडा मिळावा म्हणून प्रार्थना चालू होती त्याच काळात मंडळीने दोन मोठे स्पीकर घेतले. ते आल्यापासून कठड्याची प्रार्थना शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू येऊ लागली, एवढाच काय तो फरक पडला.

कलम ४. या कलमात मालमत्ता नाही, पण ते वाचल्याशिवाय पुढची कळणार नाहीत.

चर्चच्या मागच्या दाराला सात दगडी पायऱ्या आहेत. सहा पायऱ्या सात-सात इंचांच्या आणि चौथी नऊ इंचांची. कुठल्या तरी गवंड्याचे माप चुकले. उतरताना पायाला सात इंचांची सवय लागते आणि चौथ्या वेळी पाय हवेत राहतो. दोन्ही बाजूंना धरायला काही नाही. पाण्याचा नळ मागे आहे, त्यामुळे सभेनंतर चहाची भांडी धुवायला बायका याच वाटेने जातात.

पत्नीने आधी मला सांगितले. मी म्हणालो, शनिवारी बघतो. मग तिने तिच्या मोठ्या भावाला सांगितले. हे माझे मेव्हणे मंडळीच्या कमिटीचे प्रमुख आहेत. त्यांनी विषय कमिटीपुढे ठेवला. तिथे ठरले की घाई नको, काम कोणाकडून करून घ्यायचे हेही माहीत नाही, तेव्हा आधी प्रार्थनेत ठेवू. शेवटी तिने विनंतीच्या पेटीत चिठ्ठी टाकली. ही लाकडी पेटी दारापाशी असते. लोक आजारपण, परीक्षा, नोकरी अशा अडचणी लिहून टाकतात आणि बुधवारच्या सभेत मेव्हणे त्या वाचून दाखवतात. त्या बुधवारी त्यांनी वाचले, "मागच्या पायऱ्यांना कठडा मिळावा." सगळ्यांनी माना खाली घातल्या. प्रभूने योग्य वेळी योग्य मनुष्य पाठवावा, अशी प्रार्थना झाली.

तो मनुष्य तिसऱ्या बाकावर बसला होता. त्याने आमेन म्हटले.

चौदा महिने दर महिन्याला ती चिठ्ठी आली आणि दर महिन्याला मी आमेन म्हटले. हॉस्पिटलच्या रॅम्पच्या कामातून उरलेले दीड इंची पाइप माझ्या वर्कशॉपमध्ये शटरमागे उभे होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला कोणी विचारले नाही म्हणून मी गप्प राहिलो. आपणहून बोलायचा माझा स्वभाव नाही. आणि खरे लिहायचे तर, बाकीचे इतक्या मनापासून प्रार्थना करीत होते की हे काम आता माझे राहिलेले नाही, असे मला वाटू लागले होते.

पंधराव्या महिन्यातल्या एका बुधवारी सभा संपल्यावर ती कपबशांचा ट्रे घेऊन मागच्या दाराने उतरली.

कलम ५. माझी पाणसळ, लाकडी, पितळी पट्टीची, उस्तादांनी मला दिलेली, ही मेव्हण्यांना द्यावी.

मेव्हणे वाईट नाहीत. ते नऊ दिवस हॉस्पिटलच्या व्हरांड्यात फरशीवर गुडघे टेकून होते. माझ्याने तेवढे झाले नाही. पण दफनाच्या दिवशी मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "दोन्ही हातांत ट्रे होता हो तिच्या. कठडा असता तरी काय धरणार होती?" हे सांत्वन आहे, असे त्यांना वाटले. कठडा फक्त धरायला नसतो. तोल गेला तर अंग टेकायला असतो. त्यांना हे माहीत नसेल, त्यांची सगळी नोकरी टपालात गेली. म्हणून पाणसळ. तिच्यातला बुडबुडा मध्ये यावा म्हणून कितीही डोळे मिटून बसले तरी तो येत नाही, खालचे लाकूड हलवावे लागते. हे त्यांनी स्वतःच्या हाताने एकदा करून बघावे.

दफनानंतर सहाव्या रविवारी शास्त्रवाचन त्यांच्याकडेच होते. क्रमाने जो अध्याय आला तो त्यांनी वाचला. त्यात मोशेच्या नियमांमध्ये सांगितले आहे की नवे घर बांधलेस तर धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी पडला तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. म्हणजे जी गोष्ट आम्ही चौदा महिने देवाकडे मागत होतो, ती करायला त्यानेच आम्हाला केव्हाची सांगून ठेवली होती. मी मागे वळून बाकांकडे पाहिले. मेव्हणे पुढच्या ओळीवर गेले होते आणि त्यांच्याबरोबर सगळी मंडळी.

कलम ६. मला पत्नीशेजारी पुरावे. 'देवाची इच्छा' हे शब्द माझ्या दफनाच्या वेळी कोणी उच्चारू नयेत. ज्याला राहवणारच नाही, त्याने आधी हातात भरलेला ट्रे घेऊन मागच्या पायऱ्या उतरून दाखवाव्यात.

यावरून मी देव सोडला असे कोणी समजू नये. मी डोळ्यांवर काच धरतो, मग प्रार्थना करतो, मग वेल्डिंग सुरू करतो. काच न धरता केलेली प्रार्थना देव ऐकत नसेल असे नाही, पण डोळे जातात. उलट, सांधा वरून कितीही साफ दिसला तरी आत नीट भरला आहे की नाही, ते मला दिसत नाही. तेवढा भाग मी त्याच्यावर सोडतो आणि घरी जातो. चाळीस वर्षांत माझा सांधा तुटून कोणी पडलेले नाही, याचे श्रेय मी घेत नाही. पण जो सांधा मी भरलाच नाही, तो त्याच्यावर सोडण्याचा मला काय अधिकार होता?

कलम ७. वेल्डिंग मशीन, ड्रिल, ओळंबा, गुण्या व सुटी हत्यारे तांत्रिक शाळेला. ग्राइंडर शेजारच्या दुकानातल्या इलेक्ट्रिशियनला द्यायचा होता. पण वकीलबाई म्हणाल्या की साक्षीदाराला काही ठेवता येत नाही. एकतर सही, नाहीतर ग्राइंडर. तो बराच वेळ ग्राइंडरकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सही करतो. ग्राइंडर तसाही माझ्याकडेच पडलेला असतो." सबब ग्राइंडरही शाळेला. तो त्याच्या दुकानातून परत आणावा.

कलम ८. शटरमागचे पाइप भंगारात देऊ नयेत. माझ्या मृत्यूनंतर मुलीने चांगला कारागीर बघून त्यातून मागच्या पायऱ्यांना कठडा करवून घ्यावा, कमिटी हो म्हणो वा न म्हणो.

हे काम मुलीवरच का, तेही लिहितो. दफनानंतर ती वीस दिवस राहिली. मी रोज मेव्हण्यांवर, कमिटीवर, पाळकसाहेबांवर चिडत होतो आणि ती निमूटपणे ऐकून घेत होती. निघायच्या दिवशी बॅगेची चेन ओढताना म्हणाली, "पप्पा, त्यांच्याकडे पाइप नव्हता." तेव्हापासून ती रविवारी फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते आणि ठेवून देते. मी तिला अजून उत्तर दिलेले नाही. हे कलम माझे उत्तर समजावे.

कलम ८ बाबत दुरुस्ती. येथपर्यंतचा मजकूर मी मंगळवारी इलेक्ट्रिशियनला वाचून दाखवला. कलम ८ झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आतापर्यंत देवाची वाट बघितली. आता लोकांनी काय, तू मरायची वाट बघायची?"

मी म्हणालो, ही कायदेशीर तरतूद आहे.

तो म्हणाला, "चिठ्ठीच आहे ही. नुसती लांबलचक."

त्या दिवशी मी त्याला चहा पाजला नाही. सबब कलम ८ रद्द करीत आहे. काट मारून बाजूला सही केली आहे.

आज सकाळी पाइप बाहेर काढले. इलेक्ट्रिशियनने चर्चमधून लाइन ओढून दिली. दगडाला ड्रिल लावताच आवाजाने पाळकसाहेब बाहेर आले आणि कमिटीचा ठराव झाला आहे का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. ते आत गेले आणि केरसुणी आणून दगडाची भुकटी झाडू लागले.

दुपारी मेव्हणे आले. कोणी सांगितले माहीत नाही. खिशातून त्यांनी एक घडी घातलेली चिठ्ठी काढली. ती त्या शेवटच्या बुधवारची, पत्नीच्या अक्षरातली. त्या दिवशी त्यांनी ती सभेत वाचली नव्हती. चारचौघांत माझे हसे होईल म्हणून, असे म्हणाले. आणि नंतर माझ्याकडे द्यायचा त्यांना धीर झाला नाही. चिठ्ठीत कठड्याचा शब्द नव्हता. लिहिले होते, "माझ्या यजमानांना एक रिकामा शनिवार मिळावा."

चौदा महिन्यांत साठएक शनिवार येतात. त्यातले रिकामे किती गेले, ते मला माहीत आहे आणि तिलाही माहीत होते. मी चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली. मेव्हण्यांना बोलायचे वर्षभराचे मनात साठले होते. तोंडातून एवढेच निघाले, "ते टोक धरा." त्यांनी धरले. मी काच डोळ्यांवर घेतली, प्रार्थना केली आणि सांधा भरला.

कठड्याची उंची तेहतीस इंच आहे. नेहमी छत्तीस ठेवतात. कमी का ठेवली, हे मुलीला सांगावे लागणार नाही; आईची उंची तिला माहीत आहे. तिला फोटो पाठवला आहे. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.

बाकी कलमे आहेत तशीच राहतील. चौथी पायरी अजूनही नऊ इंचांचीच आहे. ते गवंड्याचे काम आहे. त्यासाठी कोणी पेटीत चिठ्ठी टाकू नये; गवंड्याचा फोन नंबर या कागदाच्या पाठीमागे लिहिला आहे.

हे सर्व मी स्वतः लिहिले, दोघा साक्षीदारांसमोर वाचले आणि ते मला मान्य आहे. कठड्यावरचा रेड ऑक्साइडचा रंग ओला आहे, टेकू नका, असे सांगूनही कागदाच्या कोपऱ्यावर लाल बोट उमटले आहे. ते साक्षीदार क्रमांक एकचे आहे. त्याला खाडाखोड समजू नये.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: इलेक्ट्रिशियन, शेजारचे दुकान (सही)

साक्षीदार २: मंडळीचे पाळक (सही)

ठिकाण: चर्चच्या मागच्या पायऱ्या, वरून दुसरी

तारीख: चोवीस

वार: शनिवार