अकराव्या सीझनच्या बाजूने

११ मे, रविवार
आधी दुरुस्ती. कालच्या नोंदीत 'दादाने भांडण उकरून काढलं' असं लिहिलं आहे. ते खरं नाही. भांडण मी काढलं, दादाने फक्त उत्तर दिलं. बाकीची नोंद बरोबर आहे. विशेषतः तो चुकला आहे, हा भाग.

मुद्दा साधा आहे. आमच्या सुपरहिरो अ‍ॅनिमेचा अकरावा सीझन चालू आहे. मी पाच वर्षांची आणि दादा नऊचा होता तेव्हापासून दर शनिवारी सकाळी साडेदहाला आम्ही नवा भाग बघतो आणि वहीत आपापले मार्क लिहितो, दहापैकी. नियम आत्याचे. तेव्हा आमची शाळा म्हणजे आत्याच होती, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. आधी लिहायचं, मग बोलायचं. मार्कांत तीनपेक्षा जास्त फरक पडला तर भाग पुन्हा एकत्र बघायचा.

काल आठव्या भागाला दादाने दोन दिले, मी नऊ. नियमाप्रमाणे पुन्हा बघायला हवा होता. दादा म्हणाला, त्यापेक्षा मी भिंतीकडे बघत बसेन, भिंत निदान 'पुढे काय होणार' असं विचारत नाही. मी म्हटलं, लग्न झाल्यापासून तुझी आवड बिघडली आहे. वहिनी शेजारीच बसली होती. दादाने चपला घातल्या आणि सांगितलं, उरलेला सीझन मी बघणार नाही.

सोळा वर्षांत दादाचा एकही रकाना रिकामा नाही. शेवटचा, बारावा भाग ७ जूनला आहे. तोपर्यंत त्याला सोफ्यावर परत आणायचं. माफी मागून नाही. सिद्ध करून.

१३ मे, मंगळवार
पुरावे गोळा करणं सुरू.
पोलादीने (हिरोचं आमच्या घरातलं नाव) पहिल्या भागात उगारलेली मूठ चौथ्या भागात बसली. दादा याला रटाळ म्हणतो. मी संयम म्हणते.
आठव्या भागात अर्धा वेळ जुन्या भागांतले तुकडे आहेत. दादा: पाट्या टाकल्या आहेत. मी: इतिहासाची जाण.
गर्दीतल्या माणसांना चेहरेच काढलेले नाहीत. यावर विचार चालू आहे.

१७ मे, शनिवार
नववा भाग. नऊ मार्क.
दादा आला नाही. त्याची जागा मोकळी ठेवली होती, तिथे आत्या विणकाम घेऊन बसली. तिलाच निःपक्षपाती परीक्षक नेमलं. भाग संपल्यावर तिने विचारलं, हा मुलगा पाचव्या भागात पडला होता, तो अजून उठलाच नाही का. साक्ष ग्राह्य धरलेली नाही. ती टाके मोजत होती.

दुपारी ४. दुरुस्ती. भागातली अकरा मिनिटं मला झोप लागली होती. आठवडाभराची दमणूक होती, भागाचा दोष नाही. मार्क तेच.

२१ मे, बुधवार
दुकानात (चष्म्याचं. मी नजर तपासायच्या खोलीत असते) आज एक निवृत्त ड्रायव्हरकाका आले. खुर्चीत बसले आणि मी काही विचारायच्या आत अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत धडाधड म्हणून दाखवला. तक्ता मी पुसायला खाली काढला होता. भिंत कोरी होती. मालक दिवसभर हसत होते. मला काकांचं वाईट वाटलं. माणूस स्वतःला इतकं कसं फसवू शकतो कोण जाणे.

२३ मे, शुक्रवार
एक सोय केली आहे, तिची नोंद असावी. शनिवारी भाग संपला की दुकानाकडे पळावं लागतं आणि घाईत अक्षर बिघडतं. म्हणून मार्क शुक्रवारीच लिहून ठेवते. मागच्या शुक्रवारपासून. नऊच द्यायचे हे पक्कं असताना यात गैर काही नाही. शाईला वाळायला वेळ मिळतो.

२५ मे, रविवार
दहावा भाग काल झाला. नऊ. पोलादी उठून बसला आहे.
एक जुनी गोष्ट आठवली. मला वाचता येत नव्हतं तेव्हा दादा सबटायटल्स मोठ्याने वाचून दाखवायचा. बाराव्या वर्षी जुने भाग परत बघताना कळलं, निम्मी वाक्यं त्याच्या मनाची होती. ओळ पटकन निघून जायची आणि तो काहीतरी ठोकून द्यायचा. 'धाकट्या बहिणींना सगळं आधी कळतं' असं पोलादी आयुष्यात कधी म्हणाला नव्हता. तीन दिवस दादाशी बोलले नव्हते. तो गुन्हा मी माफ केला आहे. हा नाही.

३१ मे, शनिवार
अकरावा भाग. खलनायकाचं भाषण पुढच्या भागात पूर्ण होईल. नऊ.
वहिनीचा फोन आला. दादा शनिवारी बरोबर साडेदहाला गॅलरी धुवायला घेतो म्हणे. धुतलेली परत धुतो. तिने सुचवलं, तूच एकदा सॉरी म्हण. मी सांगितलं, तुला लागेल असं बोलले त्याबद्दल तुझी माफी मागते, पण मार्क बदलणार नाही. ती म्हणाली, मार्कांचं विचारलंय कोणी. मुद्दा तिच्या लक्षात आलेला नाही.

६ जून, शुक्रवार
उद्या शेवटचा भाग आणि उद्याच दुकानात नऊ वाजल्यापासून मोफत तपासणी. भाग संध्याकाळी बघावा लागणार. वही भरून ठेवली. नऊ. शेरा: 'शेवट जबरदस्त. दोनदा रडले.' पानाचा फोटो उद्या भाग संपायच्या सुमाराला दादाला पाठवायचा. वाचून पश्चात्ताप होईल.

७ जून, शनिवार, दुपारी १
फोटो पाठवला. त्याने पाहिला. उत्तर नाही. शब्दच फुटत नसणार.

८ जून, रविवार
काल संध्याकाळी दादा आणि वहिनी घरी आले. दादा सोफ्यावर स्वतःच्या जागी बसला आणि म्हणाला, "सांग. शेवट कसा होता?"

मी सांगितला. पोलादीची शक्ती संपलेली असते. उडता येत नाही, म्हणून तो जिन्याने वर जायला निघतो. तिसऱ्या मजल्यावर कोसळतो. मग गर्दीतली बिनचेहऱ्याची माणसं त्याला एकेक मजला वर उचलून नेतात, आणि जो हात लावतो त्याला चेहरा येतो. आत्याने सुया खाली ठेवल्या. वहिनीने विचारलं, मग खलनायक? मी म्हटलं, त्याचं भाषण ऐकायला खाली कोणी उरतच नाही.

दादाने शेवटपर्यंत ऐकलं. मग शांतपणे सांगितलं की भाग एक आठवडा पुढे ढकलला आहे. साडेदहाला तो आणि वहिनी चहा घेऊन टीव्हीसमोर बसले होते, माझ्यासाठी. पडद्यावर दिलगिरीची पाटी होती. ती पाटी अजून तशीच असताना माझा फोटो आला.

मग दादा म्हणाला, "तुझ्या पोलादीला माझे आठ. टीव्हीवरच्या पोलादीचं पुढच्या शनिवारी बघू. आणि ठोकून देणं माझं काम आहे, तुझं नाही."

दुरुस्त्या. ६ जूनचे नऊ आणि 'दोनदा रडले' खोडले. काल संध्याकाळी एकदा रडले, ती नोंद राहिली होती. भाग नऊ ते अकराचे मार्क आदल्या दिवशीचे, तेही खोडले. तिन्ही भाग दादाबरोबर बघायचं ठरलं आहे. आठव्या भागाचे नऊ मात्र मी बघून दिले होते. ते कायम. फार तर सहा.

सीझन लोकांना समजलेला नाही, हे माझं मत आजही आहे.

पेन आत्याने काढून घेतलं आहे, म्हणून ही नोंद पेन्सिलीने. भाग संपला की परत मिळेल. मार्क देणार: शनिवार, १४ जून, सकाळी दहा वाजून चोपन्न मिनिटांनी. त्याआधी नाही.