फणसपोळीचा चौकोन

आई, तुझी फणसपोळी आता नखाएवढ्या चौकोनात मावते. दादाच्या आंब्यांचं दुकान मी इंटरनेटवर मांडलंय. गिऱ्हाईक पेटी निवडतं, किती डझन ते सांगतं, आणि खाली ‘सोबत हवं असल्यास’ म्हणून आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी असे चौकोन आहेत. हव्या त्या चौकोनात खूण केली की एकूण रक्कम आपोआप वाढते. मांडवीच्या माझ्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांकडे एक कान ठेवून, हे सगळं मी जमवलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढं शिकून शेवटी आंबेच विकलेस गो.

फणसपोळी वहिनी करते, आंबापोळी मी. म्हणून आंबापोळी सगळ्यात वर ठेवली, मोठ्या फोटोसकट, आणि तिच्या चौकोनात आधीच खूण करून टाकली. नको असेल त्याने काढावी! फणसपोळी तळाशी, बिनफोटोची. हो, जळते मी वहिनीवर. अजून जळते.

तुला तो मे महिना आठवतो? अंगणात बरक्या फणसाचा रस पातेलंभर काढून ठेवलाय. मी ताटाला तूप लावून रस पसरतेय, आणि तू माझ्या हाताखालून ताट ओढून घेतेस. "ऊठ बघू. तुझा हात जड आहे गो. हिला बसू दे, या घरात हिलाच करायचंय. तू काय, जायचीस दुसऱ्याकडे." वहिनी तेव्हा नवी नवरी. चुडा वर सारून ती माझ्या पाटावर बसली आणि तू तिचं मनगट धरून रस कसा फिरवायचा ते दाखवलंस. माझं मनगट तू कधी धरलं नाहीस. आणि दुसरीकडे म्हणजे गेले तरी कुठे मी? इथे मांडवीत, माहेराहून चालत येता येईल एवढ्यावर.

परवा वहिनीचा फोन आला. "वन्सं, ती आंबापोळीची खूण काढा बघू आधी. जी माणसं काढायला विसरतात ती मला बोलतात, न मागितलेलं कशाला पाठवलंत म्हणून. आणि फणसपोळी संपली हो, तो चौकोन बंद करा सध्या." संपली! म्हणजे लोक माझी खूण काढत होते, तळापर्यंत जात होते आणि तिच्या चौकोनात खूण करत होते. वर म्हणते कशी, "तुमच्यापुरती एक बाजूला ठेवलेय. तुम्हाला कडेची, जरा चिवट लागते ना? आई सांगायच्या."

ती मी जाऊन आणली आणि उभ्या उभ्या खाल्ली, घरात कुणाला न देता. चव तुझीच होती. माझी आवडसुद्धा तू तिलाच सांगून गेलीस.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? राहील कपाटात. आंबापोळीची खूण मी काढली. नवी फणसपोळी वाळल्यावर तिचा चौकोनही उघडला. फक्त दादाने पाठवलेला फोटो लावला नाही. ताटावर वहिनीचा हात आहे त्यात, बोटं अगदी तुझ्यासारखी वळलेली. नीट आला नाही, असं दादाला सांगितलं आणि तो माझ्याच मोबाइलमध्ये ठेवून घेतला.